रविवार ते गुरुवार

लेकाने टेबलावर आधी आईचा जीन-रिपोर्ट ठेवला. ‘एपीओई ई३/ई४’वर पिवळा मार्कर; यातला ई४ हा अल्झायमरचा धोका वाढवणारा जीनचा प्रकार. “अल्झायमरच ना, डॉक्टर?”

ठाण्यातल्या चरईच्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या. चमचा दाखवला तर म्हणाल्या, “ते... ढवळायचं.” जवळच्या डॉक्टरांनी अल्झायमरवरचं डोनेपेझिल लिहूनही टाकलं होतं. स्मरणशक्तीच्या गोळ्या लिहिताना लोकांचा हात इतका सैल का होतो, कोण जाणे.

“हे कधीपासून?”

“रविवारपासून. थोडी कणकण होती.”

त्या दिवशी गुरुवार. अल्झायमर असा चार दिवसांत येत नाही. एमआरआयमध्ये मेंदूचा डाव्या कानशिलामागचा भाग (टेम्पोरल लोब) सुजलेला, फ्लेअर नावाच्या चित्रात पांढराफटक. संशय हर्पिस विषाणूने मेंदूला आलेल्या सुजेचा. पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं, पण त्या विषाणूवरचं औषध, असायक्लोव्हिर, रिपोर्टसाठी थांबवायचं नसतं: किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, प्रत्येक डोस तासभर सावकाश, सोबत भरपूर सलाइन. घाईने सोडलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. विम्याचे दावे पाहणाऱ्या टीपीएवाल्यांना मात्र मंजुरीआधी विषाणूचा पीसीआर रिपोर्ट हवा होता! तो नंतर आला, हर्पिस सिम्प्लेक्स-१ पॉझिटिव्ह. एकवीस दिवस औषध चाललं.

आजी आता घरी आहेत. माणसं ओळखतात, नावं अडतात. ही विषाणूने केलेली इजा, की तळाशी आधीच काही सुरू होतं? एमआरआय पाहून मला ते सांगता येत नाही.

लेकाचा प्रश्न वेगळाच: “जीनमुळे विषाणू मेंदूत गेला का?” मँचेस्टरच्या रूथ इट्झाकींनी १९९७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की मेंदूत हा विषाणू आणि अंगात ई४ असं एकत्र असेल तर अल्झायमरचा धोका वाढतो. २०२३मध्ये एचएलए-डीआरबी१*०४ या रोगप्रतिकाराच्या जनुकगटातले काही प्रकार असणाऱ्यांत अल्झायमर थोडा कमी आढळला. म्हणजे ही जनुकंही यात आहेत, आणि ती त्याच्या महागड्या रिपोर्टमध्ये नव्हतीच. उलट, सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये याच विषाणूवरचं व्हॅलासायक्लोव्हिर देऊन पाहिलं, तर उपयोग झाला नाही.

मग म्हणाला, “नागिणीची लस घेऊ? डिमेन्शिया टळतो म्हणे.” वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ती लस मिळू शकली, आधीच्यांना नाही, लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया साधारण एक पंचमांशाने कमी दिसला. पण नागिणीचा विषाणू वेगळा, आणि ती लसही जुन्या प्रकारची.

त्याची पन्नाशी उलटली आहे. म्हटलं, “नागिणीसाठी जरूर घ्या. डिमेन्शियासाठी म्हणून मी लिहून देणार नाही.” तो बहिणीचीही जीन-टेस्ट करायची म्हणत होता. तिला आधी विचारा, म्हटलं.