आमची वाटचाल: मामांच्या मुठीतली वाळू

बेळगावात खानापूर रोडला तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबाग, कारखान्यांची वसाहत. इथे वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये एका लहान क्युपोलावर, म्हणजे कोकच्या भट्टीवर, लोखंडाचं ओतकाम सुरू केलं. तेव्हा पंपाच्या बॉड्या निघायच्या. आता विजेवरची इंडक्शन फर्नेस आहे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जातात. कर्ज, वीज, जागा यांचे हाल जसे सगळ्यांचे झाले तसे आमचेही झाले, ते सोडून देतो. फाउंड्री चालते ती जुन्या माणसांच्या हातात मुरलेल्या माहितीवर. ती पुढच्या हातात कशी जाईल, हे बघण्यात आमची बरीच वर्षं गेली.

आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम नव्याने आलं. कामाला लागणारं ज्ञान कुठलं ते कंपनीने ठरवावं, जपावं आणि ज्याला लागेल त्याच्यापर्यंत पोचवावं, असं ते सांगतं. ऑडिट जवळ आल्यावर कन्सल्टंटने जाड फाइल करून दिली. ऑडिटर खूश. साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनवर मात्र ती कुणी उघडली नाही, आणि का उघडावी? तिच्यातलं सगळं त्यांना आधीपासून येत होतं.

आमच्याकडे साचे वाळूचे असतात; ती वाळू कालवणाऱ्या सँड मिक्सरवर चंदगडकडचे एक मामा होते. दुसऱ्या पाळीत कास्टिंगमध्ये वाळू अडकून रिजेक्शन वाढायचं. लॅबचा कागद सांगायचा, ओलावा 3.4 टक्के, सगळं ठीक. मामा मूठभर वाळू दाबायचे, गोळा मोडून कड बघायचे आणि म्हणायचे, "ही चालायची नाही." का, विचारलं तर, "कळतंय की!" यापुढे गाडी सरकत नसे.

मग एका डिप्लोमावाल्या पोराला त्यांच्या हाताखाली दिलं. त्याला बजावलं, का म्हणून विचारू नकोस, नुसते हात बघ. पावसाळा सरता सरता त्याच्या लक्षात आलं, की मूठ वळण्याआधी मामा हाताची पालथी बाजू वाळूला लावतात. ते गरमी बघत होते! दुसऱ्या पाळीत वाळू शेकआउटवरून, म्हणजे ओतल्यावर साचे फोडतात तिथून, झपाट्याने फिरून येते, निवायला वेळच मिळत नाही. मिक्सरपाशी ओलावा बरोबर भरतो, पण मोल्डिंग मशीनपर्यंत जाईतो उडून जातो. वरून गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर (ज्यावर वाळू दाबून साचा घडवतात त्या नमुन्यावर) धरते, वाळू चिकटते आणि साच्याच्या कडा ढासळतात. मामांना हे सगळं माहीत होतं, फक्त ते शब्दांत कधी बसवलं नव्हतं. आता ओलाव्याचं सँपल आम्ही मिक्सरपाशी न घेता मशीनवरच्या हॉपरमधून घेतो, सोबत थर्मामीटर. वाळू 50 अंशांच्या वर गेली की लाइन थांबते.

शिकवणीला सुरुवात झाली तेव्हा मामांनी मला गाठून विचारलं होतं, "मालक, सगळं ह्या पोराला दिलं की माझं काय उरलं?" प्रश्न रास्त होता. कारागिराची विद्या हीच त्याची पत, ती फुकटात कोण देईल? निवृत्तीनंतरही अर्धा दिवस यायचं, शिकवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ठरलं. तेव्हा कुठे त्यांचा हात मोकळा झाला.

झेरॉक्स कंपनीच्या मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात अभ्यास केला होता. ती माणसं मॅन्युअलपेक्षा चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून जास्त शिकायची. पुढे कंपनीने त्यांच्या युक्त्यांचा साठा केला, त्यात प्रत्येक युक्तीखाली सांगणाऱ्याचं नाव असे. आम्हीही तेच केलं. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं दहा मिनिटं एकत्र थांबतात, चहा कंपनीचा, वेळेचा पगारही कंपनीचा. आज काय बिघडलं आणि कसं सुटलं, एवढंच बोलायचं. कामाचं असेल ते फोनवर रेकॉर्ड होतं, नावासकट. सुपरवायझर अजून कुरकुरतात, की दहा मिनिटांत चार साचे झाले असते.

लिहून घ्यायचा नाद आम्ही सोडला, कारण लिहायचं कुठल्या भाषेत? भट्टीवरचा हुक्केरीचा गडी कन्नडमध्ये बोलतो, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करणारी) खानापूरची पोरं मराठीत, ओडिशाची मुलं मोडक्या हिंदीत. सीमाभागात पाटीच्या भाषेवरून काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेडमध्ये 1400 अंशांचं लोखंड लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या बादलीत, रसरसत असताना ज्याला जी येते तिच्यात तो ओरडतो आणि बाकीच्यांना बरोबर कळतं. पावसाळ्यात ओलं भंगार भट्टीत टाकलं तर रस कसा उसळतो, हे हुक्केरीच्या गड्याने कन्नडमध्ये सांगितलंय. नवा माणूस कुठलाही असो, पहिल्या दिवशी त्याला तेच ऐकवतो. शेजारी बसून कुणीतरी समजावून देतं.

तो डिप्लोमावाला पोरगा आता हत्तरगीला विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात गेलाय. वाईट वाटलं, पण त्याने शोधलेली रीत लाइनवर चालू आहे. सध्या कोअर शॉप हाती घेतलंय; कास्टिंगमधली पोकळी राखायला साच्यात बसवतात तो वाळूचा कोअर तिथे होतो. तिथल्या मावशी ओव्हनमधला कोअर नीट भाजला की नाही ते रंगावरून आणि वासावरून सांगतात. रंगाचे नमुने भिंतीवर टांगून झाले. वासाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, तोवर एक मुलगी मावशींच्या शेजारी ओव्हनपाशी उभी असते.