सायकलची चेन: किती धुवायची, किती पुसायची

चेन झिजते ती आतून. बाहेरच्या पट्ट्या वर्षानुवर्षं जशाच्या तशा दिसतात. झीज होते ती प्रत्येक पिनेपाशी, जिथे एक कडी दुसरीवर वळते तिथे. तिथे तेल असतं, तेलात धूळ शिरते आणि दोन्ही मिळून झालेला काळा लगदा पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. चेन धुण्यापुसण्याची सगळी कटकट त्या लगद्यासाठी आहे. म्हणून कुणी नवी युक्ती सांगितली की मी आधी एवढंच बघते: याने आतली घाण बाहेर येते, की नुसती वरची चमक वाढते?

मी नवी मुंबईत नेरूळहून महापेला कामावर सायकलनेच जाते. सायकल साधी हायब्रिड आहे, मागे आठ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. तुर्भ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की एमआयडीसीच्या ट्रक-टेम्पोंनी उडवलेली बारीक भुकटी थेट चेनवर येऊन बसते. रविवारी पाम बीचवरून बेलापूरपर्यंत जाऊन येते. तिथे धूळ कमी, पण खाडीवरून येणारा वारा खारट आणि दमट. आणि जून ते सप्टेंबर पाऊस. कोरड्या, थंड देशांतल्या लोकांनी आखलेलं चेनचं वेळापत्रक आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. ते इथल्या हवेप्रमाणे बसवून घ्यावं लागतं, आणि मी ते कसं बसवलं तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात केली ती चेन काढून धुण्यापासून. जुईनगरला मी ज्यांच्याकडे सायकल दाखवते ते काका म्हणाले, "ताई, पूर्वी आम्ही रॉकेलात धुवायचो. आता रॉकेल आणणार कुठून? डिझेल घ्या. पेट्रोलला मात्र हात लावू नका, भडका उडायला वेळ लागत नाही."

चेनमध्ये एक सुटी होणारी कडी असते, क्विक लिंक. ती उघडायला खास पक्कड मिळते. पक्कड नसेल तर कडीच्या दोन्ही बाजूंच्या रोलरांभोवती, म्हणजे पिनांवर फिरणाऱ्या छोट्या नळ्यांभोवती, सुतळीचा फास टाकून जोरात आवळायचा. दोन पिना एकमेकींकडे सरकतात आणि कडी टक्कन सुटते. काही कंपन्या ही कडी एकदाच वापरा असं सांगतात, काहींची पुन्हा लावता येते. विकत घेतानाच विचारून घ्यावं. सुटलेली चेन रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत टाकायची, ती बुडेल एवढं डिझेल ओतायचं, झाकण घट्ट लावून हलवायचं. पहिलं डिझेल काळंकुट्ट निघतं, दुसरं तपकिरी, तिसऱ्यात बरणीच्या पलीकडचं दिसायला लागतं. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की तळाशी गाळ बसतो. हातमोजा घालून तो गाळ चिमटीत चोळून बघा. कच कच लागतं. हीच रेती पिनेपाशी फिरत होती, आणि कुठलंही फडकं बाहेरून तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या गरम पाण्यात एक आंघोळ, मग फडक्याने पुसून उन्हात. चेन पूर्ण सुकायला हवी, आणि सुकल्यावर तेल लावायला उशीर चालत नाही. तेलाचा अंश न उरलेल्या पोलादाला आपल्या हवेत गंज धरायला एक रात्र पुरते. तेल लावायचं तेही नुसतं ओतायचं नाही. चेनमध्ये शंभराहून जास्त रोलर असतात, प्रत्येकावर एक थेंब. सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून मी एका कडीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे. थेंब टाकून झाले की पेडल उलटं फिरवायचं, तेल आत मुरायला वेळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं सगळं तेल कोरडं पुसून काढायचं. शेवटचं हे पुसणं बरेच लोक गाळतात. बाहेर राहिलेल्या तेलाचा चेनला काडीचा उपयोग नाही, ते फक्त धूळ धरून ठेवतं.

या सगळ्याला सुट्टीची एक सकाळ जाते. शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला जागेचा प्रश्न असतोच. खाली पार्किंगमध्ये बसले तर सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे: "मॅडम, फरशीवर डाग पडला तर निघत नाही हो." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग उत्सवानंतर उतरवलेला एक जुना फ्लेक्स मिळवला. तो अंथरला की तेलाचा थेंबही खाली जात नाही.

चेन न काढता धुणारी डबीही वापरून पाहिली. चेनवर ती चढवायची, आत ब्रश असतात, पेडल फिरवलं की घासणं होतं. वेळ वाचतो. पण घाण द्रव उडून मागच्या चाकावर जातो, आणि ज्यांना डिस्क ब्रेक आहेत त्यांच्यासाठी हे धोक्याचं आहे. डिस्कवर तेलकट काही गेलं की पॅड ते शोषतात, मग ब्रेक किंचाळतो आणि नीट धरतही नाही. डब्ल्यूडी-४० च्या फवाऱ्याचंही तसंच. भिजलेल्या चेनमधलं पाणी हटवायला तो उत्तम, पण चेनचं तेल म्हणून टिकत नाही, आणि मारताना डिस्क झाकावी लागते. गंज काढायची आम्लाची द्रावणं तर चेनला लावूच नयेत. आम्लाने पोलाद ठिसूळ होतं आणि पट्टीला तडा जाऊ शकतो. चेन बनवणाऱ्या कंपन्यांनी माहितीपत्रकात याची स्पष्ट मनाई केलेली असते.

मग मेणाकडे वळले. मेणाचं कौतुक खूप ऐकलं होतं आणि कोरड्या दिवसांपुरतं ते खरं आहे. पॅराफिनचं मेण पातेल्यात घालून ते पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायचं. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नये, पेट घेऊ शकतं. आईने ते पातेलं बघितलं आणि म्हणाली, "हे आता स्वयंपाकघरात परत आणायचं नाही." नाहीच आणलं, ते आता मेणाचंच. मेणासाठी चेन आधी अगदी निर्मळ व्हावी लागते, नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीससुद्धा पूर्ण काढावं लागतं, नाहीतर मेण धरत नाही. वितळलेल्या मेणात चेन सोडली की बारीक बुडबुडे वर येत राहतात. पिनेपाशी अडकलेली हवा निघून तिची जागा मेण घेत असतं. बुडबुडे थांबले की चेन बाहेर काढून टांगायची. थंड झाल्यावर ती काठीसारखी कडक होते, प्रत्येक कडी वाकवून मोकळी करावी लागते.

एवढं केल्यावर जी चेन मिळते तिला हात लावला तर बोट काळं होत नाही. ऑफिसला जाताना फिकट पँट निर्धास्त घालता येते. भुकटी चिकटत नाही, सायकल दिवाणखान्यात उभी केली तरी घरात कुणी नाक मुरडत नाही. नोव्हेंबर ते मे या काळात माझ्या मते मेणाला तोड नाही. पण त्याला पाऊस सोसत नाही. पाणी फटीत शिरतं, मेण हळूहळू निघून जातं आणि उघड्या पडलेल्या पोलादावर दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसतो. जुलैमध्ये रोज संध्याकाळी चेन काढून वितळवत बसणं कुणालाच शक्य नाही.

पावसाळ्यात म्हणून दाट तेल, ज्याला दुकानात वेट लूब म्हणतात. पाण्याने ते सहज धुऊन जात नाही. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, एका सरीत गेलं. गॅरेजमधलं जळकं ऑइल अनेक जण चेनला लावतात, पण त्यात इंजिनची काजळी आधीच असते, म्हणजे घाण पैसे न देता विकत घेण्यासारखं आहे. वेट लूबची अडचण एकच: ते घाण भरपूर ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात मी धुणं जवळजवळ बंद केलं आणि पुसणं वाढवलं. घरी आलं की दारातच सायकल टेकवायची, चेन जुन्या बनियनच्या चिंधीत मुठीने धरायची आणि पेडल उलटं फिरवायचं. चिंधीची जागा दोन-तीनदा बदलायची. पाणी निघून गेलं की रोलरांवर थोडं तेल. चहा उकळेपर्यंत हे उरकतं. आतली सगळी रेती याने निघत नाही, पण नवीन आत जायची कमी होते आणि गंज धरत नाही. पावसाळ्यात एवढं पुरतं.

मुळात वंगणाचं काम काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने सायकलच्या चेनच्या चाचण्या केल्या. उत्तम परिस्थितीत पायाने लावलेल्या जोरापैकी ९८ टक्क्यांहून जास्त चाकापर्यंत पोचतो असं त्यांना दिसलं, आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर वंगणामुळे त्यात फारसा फरक पडला नाही. बाहेर, धुळीत, वंगण फटीतली जागा व्यापून घाणीला आत येऊ देत नाही, हा त्याचा मोठा उपयोग. वेग वाढावा म्हणून चेनवर तेल ओतत राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जुन्या काळ्या सायकलींना ही कटकट का नव्हती? चेन पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर होतं म्हणून. पाऊस नाही, चिखल नाही, पायजमा अडकणं नाही. गिअर आले तशी चेन मागच्या चक्रांवर डावी-उजवीकडे सरकायला लागली, आणि अशी सरकणारी चेन बंद कव्हरात मावत नाही. सपाट वाशी-सानपाड्यात ज्यांना गिअर लागतच नाहीत त्यांनी कव्हरवाली सायकल घ्यावी असं मी मनापासून सुचवते. मला बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ आवडतो, म्हणून मला गिअर सोडता येत नाहीत.

आता पैशांचा हिशेब, कारण शेवटी कटकट करायची की नाही हे त्यावरच ठरतं. आठ गिअरची चेन हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. कॅसेट त्याहून महाग. आणि माझ्यासारख्या सायकलींत पुढची चक्रं क्रँकला, म्हणजे पेडल जोडलेल्या दांडीला, रिव्हेट केलेली असतात. ती झिजली की अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. चेन झिजून लांबली की ती दातांवर नीट बसत नाही, दात झिजून हुकासारखे वाकडे होतात, आणि मग नवी चेन घातली तरी ती जुन्या दातांवरून उडी मारते. सिग्नल सुटल्यावर मागे टँकर उभा असताना पेडल असं अचानक रिकामं जाणं फार वाईट. म्हणजे वाचवायची आहेत ती दात असलेली चक्रं. चेन स्वस्त आहे, ती झिजणारच, वेळेवर बदलायची.

ती वेळ चेन किती चकचकीत दिसते त्यावरून कळत नाही, मोजूनच कळते. दूधवाल्याची सायकल असो की बारा गिअरची, दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. स्टीलचा टेप घ्यायचा, चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजायचं, सुरुवातीची पीन शून्य धरून. नवी चेन बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.३ ला अर्धा टक्का वाढ, ३०७ च्या आसपास पाऊण टक्का. अकरा-बारा गिअरच्या सायकलींनी अर्ध्या टक्क्याला चेन बदलावी, दहापर्यंतच्यांनी पाऊण टक्क्याला. हे मोजायची पट्टीही दुकानात मिळते, फार महाग नाही.

मोजायला लागल्यापासून माझं धुणं कमी झालं. पूर्ण धुणं आता पावसाळा संपल्यावर, मेणाकडे परत जाताना, आणि एखाद्या वेळी चेन करकरायला लागली तर. गणपतीनंतर पाऊस ओसरला की मोजते. आकडा पाऊण टक्क्याकडे झुकला असेल तर जुनी चेन धुण्यात सकाळ घालवत नाही, सरळ नवी आणते.

राहता राहिलं ते वापरलेलं डिझेल. ते बेसिनमध्ये किंवा पार्किंगच्या जाळीत ओतू नये. नवी मुंबईत पावसाचं पाणी गटारांतून धारण तलावांत जातं आणि ओहोटीला तिथून खाडीत. आपल्या बरणीतलं तेलही त्याच वाटेने जाणार. मी गाळ तळाशी बसू देते, वरचं स्वच्छ डिझेल पुढच्या वेळेसाठी दुसऱ्या बाटलीत काढून ठेवते आणि उरलेलं आमच्या सेक्टरमधल्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये देते. "एवढंसं घेऊन कोण येतं, ताई," असं तिथला भाऊ म्हणतो, पण त्यांच्या जळक्या ऑइलच्या पिंपात ओतून घेतो. असं पिंप बहुतेक गॅरेजमध्ये असतं, जवळच्या ठिकाणी विचारून बघा.