सेलवर चालणारा बोर्ड

आमच्याकडे लोक बहुतेक वेळा बंद पडलेला सर्किट बोर्ड घेऊन येतात. त्या शनिवारी एक काका चालू बोर्ड घेऊन आले, आणि तो आम्ही बनवलेलाच नव्हता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. हौशी मंडळींसाठी आम्ही एटीमेगा 328पी या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपचा, एक लहानसा बोर्ड बनवतो आणि त्याचा आराखडा फुकट देतो. देतो म्हणजे कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फायलीच देतो. नुसती सर्किटची पीडीएफ दिली, किंवा कारखान्याला लागतात तेवढ्या गर्बर फायली दिल्या, तर बोर्ड छापून घेता येतो; पण एक रेझिस्टर जरी हलवायचा म्हटला तरी सगळं पहिल्यापासून काढायला लागतं. त्याला मी वाटणं म्हणत नाही.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, राहायला गिरगावात. त्यांनी पिशवीतून बोर्ड काढून टेबलावर ठेवला. लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्याच्या प्लेटवर उतरवलेली, नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवलेलं, भोकं हातड्रिलने पाडलेली. आमचा बोर्ड दोन बाजूंचा. त्यांनी तो एका बाजूत बसवून जिथे अडलं तिथे तारेचे जंपर टाकले होते. कोपऱ्यात आमच्या बोर्डाचं नाव मात्र तसंच.

"हा तुमचाच आहे मॅडम. पण मी त्यातलं बरंच काढून टाकलंय. चालेल ना?"

त्यांच्या इमारतीची पाण्याची टाकी गच्चीवर. ती भरून वाहायला लागली तरी खाली कुणाला पत्ता नसतो. गच्चीवर विजेचा पॉइंट नाही, आणि पावसाळ्यात तिथे मेनची वायर न्यायला सोसायटी तयार नाही. म्हणजे जे करायचं ते सेलवर. आमचा बोर्ड शिकणाऱ्यांसाठी, यूएसबीवर चालणारा. त्यावरचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा एएमएस 1117 रेग्युलेटर स्वतःच पाचेक मिलिअँपिअर खातो. यूएसबीला त्याचं काहीच नाही, पण साध्या पेन्सिल सेलची क्षमता दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास धरली, तर दोन-अडीच आठवड्यांत सेल संपले.

काकांनी रेग्युलेटर काढला, पॉवरचा एलईडी काढला, यूएसबीची चिप काढली, चिपला बाहेरून ठोके देणारा क्रिस्टलही काढला. चिप कारखान्यातून येते तशी आतल्या घड्याळावर 1 मेगाहर्ट्झने चालवली. या वेगाला तिला 1.8 व्होल्टही पुरतात, म्हणून दोन सेल थेट जोडले. चिप झोपलेली असते. तिच्या आतला वॉचडॉग टायमर तिला दर आठ सेकंदांनी उठवतो, ती टाकीतला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळी चढली की बदलणारा) बघते आणि परत झोपते.

मी मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावायला गेले, तर काकांनी हात धरला. या रेंजला मीटरच्या आतला रेझिस्टन्स मोठा असतो. चिप सुरू होताना त्यावरच व्होल्टेज पडतं आणि ती रीसेट होत राहते. त्यांनी मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये एक तार अडकवली, बोर्ड सुरू केला, चिप झोपल्यावर तार काढली. उठण्याच्या त्या क्षणापुरता बोर्डावरच्या कपॅसिटरमधला साठा पुरत होता. आकडा पाचच्या आत स्थिरावला. पाच मायक्रोअँपिअर! मी तो मीटर तसाच धरून बघत राहिले. इतक्यावर सेल वापराने नव्हे, वयाने संपतील.

प्रोग्राममध्येही बारकावा होता. फ्लोट स्विचसाठी चिपच्या आतला पुल-अप, म्हणजे पिनला सेलच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर, लागतो, पण तो कायम चालू ठेवला तर स्विचची टोकं जोडलेली असताना त्यातूनच शंभरच्या घरात मायक्रोअँपिअर वाहतात. काका तो फक्त बघण्यापुरता चालू करतात. पाणी हेलकावतं म्हणून सलग तीनदा टाकी भरलेली दिसली तरच जिन्यातला बझर वाजतो. आणि आतल्या 1.1 व्होल्टच्या ठरावीक संदर्भाशी ताडून चिप स्वतःच्या सेलचं व्होल्टेजही मोजते.

त्यांना विचारायचं होतं ते लायसन्सचं. आमचा आराखडा सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर लायसन्सखाली आहे, 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या कडक प्रकारात: बदललेला बोर्ड दुसऱ्याला दिला, तर बदललेल्या फायलीही द्यायच्या. काकांनी बोर्ड घरापुरता केलेला, त्यामुळे त्यांच्यावर कसलंच बंधन नव्हतं. तरी ते पेन ड्राइव्ह घेऊनच आले होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांच्या फायली आमच्या फायलींशेजारी ठेवल्या. चिप सरफेस माउंट, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारी बारीक पायांची, घ्यावी असं मला वाटत होतं. काका 28 पायांच्या डीआयपीवर, म्हणजे भोकांत पाय घालून बसवायच्या मोठ्या चिपवर, अडून बसले. "घरी केलेल्या बोर्डावर सोल्डर करणाऱ्याने काय करायचं?" त्यांचं बरोबर होतं, डीआयपीच ठेवली.

बझरच्या वायरवर मात्र अजून एकमत नाही. गच्चीवरून जिन्यात उतरणारी लांब वायर, त्यात वळवाच्या विजा. विजेचा झटका चिपपर्यंत येऊ नये म्हणून तिथे रेझिस्टर आणि संरक्षक डायोड हवेतच असं मी म्हणते. काकांना त्या डायोडमधून गळणारा करंट नको आहे. पुढच्या खेपेला ते दोन-तीन जातींचे डायोड घेऊन येणार आहेत, मोजायला.