दालमिलच्या पुलीपासून जिप्सी मेजरपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत पाइपवाले, चटईवाले आणि दालमिलवाले अशा तिघांशी ओळख असली की कारागिराला काम कमी पडत नाही. आमच्या वडिलांनी पॅटर्नची, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्यांची, शेड टाकली ती याच भरवशावर. दालमिलच्या पुल्या, बेअरिंगची घरं, विहिरीवरच्या पंपांची केसिंग या सगळ्यांचे सागवानी पॅटर्न करायचे, फाउंड्रीला द्यायचे आणि पैशासाठी दिवाळीपर्यंत थांबायचं. पुढे प्लास्टिकचे साचे आले, त्यांच्यामागे कॉम्प्युटर आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने साच्यांचं बिल अडकवलं तेव्हा शेड गहाण पडायची वेळ आली होती. त्याबद्दल एवढंच पुरे.

त्या कडकीच्या दिवसांत आम्ही कागदी ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल करून द्यायला लागलो. जुन्या पंप कारखान्यांकडे अमोनिया प्रिंटचे, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या कागदी नकलांचे, गठ्ठे पडून होते. नव्या सीएनसीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन असलेल्याला, फाइल हवी असायची, आणि कागद वाचायला कोणी तयार नसायचं. कॉम्प्युटर चालवणारी पोरं गावात भरपूर होती; आमच्याकडे त्यांच्या जोडीला पॅटर्नचे मिस्त्री होते. आमच्या फर्मचं वेगळेपण काय, असं कोणी विचारलं तर उत्तर एवढंच आहे. सॉफ्टवेअर विकत मिळतं. ओतकामाच्या ड्रॉइंगवर न लिहिलेल्या गोष्टी ज्याने रंध्याने लाकडात काढल्या आहेत, तो माणूस विकत मिळत नाही.

परदेशातल्या एका संग्रहालयाचं प्रदर्शन उभारणाऱ्या मंडळींनी विमानाच्या इंजिनाबद्दल विचारलं, तेव्हा आम्ही आधी ड्रॉइंग मागवली आणि ‘हो’ मग म्हटलं. इंजिन होतं डी हॅविलंड कंपनीचं जिप्सी मेजर. टायगर मॉथ या शिकाऊ विमानात बसायचं ते हेच. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे वैमानिकही त्याच विमानावर शिकले. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात याचाच थोरला भाऊ जिप्सी थ्री होता. चार सिलिंडर एका ओळीत, हवेने थंड होणारे, ताकद 130 अश्वशक्तीच्या आसपास. अशी 14,000 हून जास्त इंजिनं बनली.

ड्रॉइंग उघडल्यावर पहिली गंमत मापांची. इंजिन पक्कं इंग्रजी, पण मापं इंचांऐवजी मिलिमीटरमध्ये: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 118 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 140. याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर रेनॉच्या घराण्यातली आठ सिलिंडरची इंजिनं इंग्लंडात शिल्लक पडली होती. इंजिनांचे रचनाकार फ्रँक हॅलफर्ड यांनी त्यातलं अर्धं घेऊन 1925 मध्ये चार सिलिंडरचं सिरस उभं केलं. शिल्लक माल संपत आला तेव्हा डी हॅविलंडने स्वतःचं जिप्सी काढलं. जुगाड म्हणा हवं तर, पण त्यातून एक आख्खी पिढी उडायला शिकली.

बोल्ट मात्र बहुतेक ब्रिटिश, बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या बारीक आट्यांचे. त्या आट्यांचा कोन 55 अंशांचा आणि मेट्रिकचा 60. सॉफ्टवेअरच्या तयार संग्रहातून बोल्ट उचलला तर पडद्यावर कोणाला फरक दिसणार नाही, आणि पुढे त्या फाइलवरून कोणी भाग बनवायला घेतला तर नट बसणार नाही. म्हणून आम्ही आट्यांचा संग्रह स्वतः केला. कंटाळवाणं काम, पण पुढच्या कितीतरी जॉबना कामी आलं.

ब्लूप्रिंट स्कॅन करून त्यावरून रेघा गिरवायच्या, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कागद ओलाव्याने फुगतो, आकसतो, तोही आडवा वेगळा आणि उभा वेगळा. एका शीटची चौकटच आम्ही चारी बाजूंनी तपासली, तर तीच काटकोनात नव्हती. त्यामुळे नियम असा, की लिहिलेला आकडा घ्यायचा, रेघ कधीच मोजायची नाही. जिथे आकडा फिकट होऊन गेला आहे तिथे शेजारच्या भागावरून काढायचा. पिस्टन पिनचं माप पुसलं असेल तर कनेक्टिंग रॉडचं बुश सांगतं.

ओतीव भागांवर मिस्त्री बसले. क्रँककेसच्या आतल्या कोपऱ्यांची गोलाई ड्रॉइंगवर प्रत्येक ठिकाणी नसते. साचा सुटायला भिंतीला उतार किती, जाड भिंत पातळ भिंतीला कशी मिळवायची, हे त्या काळच्या पॅटर्न मेकरवर सोडलेलं असायचं. आमचे मिस्त्री धुळ्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीत उमेदवारी केलेले, अजूनही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतात. “हितं दीड सूत गोलाई दे, नाहीतर चीर पडेल,” असं म्हणायचे आणि पडद्यावर बोट टेकवायचे. काच पुसणं हे एक वेगळं खातं झालं होतं.

मॉडेल करणारी मुलगी भुसावळची, पॉलिटेक्निक झालेली. तिने एक दिवस सिलिंडर क्रँककेसमध्ये बसवला, तर त्याचा घेर, म्हणजे तोंडाचा कठडा, आत बराच वर आलेला. ड्रॉइंग चुकलं असावं, असं तिला वाटलं. मिस्त्रींनी शीट फिरवून पाहिली आणि म्हणाले, “इंजिन उलटं शे ना माय! तेल खालेच येई.” तेच खरं होतं. या इंजिनात क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. पंखा उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचं दिसतं, म्हणून ही रचना. घेर आत वर काढला नसता तर क्रँककेसमधलं तेल सरळ सिलिंडरमध्ये उतरलं असतं. त्या कठड्याभोवती ते साठतं, पंप ते ओढून वेगळ्या टाकीत टाकतो. सगळ्यात खाली रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे, डबे असतात, त्यांत तेल वेगळं, हाताने भरायचं.

खरी डोकेदुखी निराळीच होती. संचातल्या सगळ्या शीट एका वेळच्या नव्हत्या. इंजिन वर्षानुवर्षं बनत राहिलं, सुधारणा होत गेल्या, शीटच्या कोपऱ्यातलं आवृत्तीचं अक्षर बदलत गेलं. एका झाकणाची भोकं क्रँककेसच्या भोकांशी जुळेनात. दोन्ही शीट आपापल्या जागी बरोबर होत्या, फक्त वेगवेगळ्या सुधारणांच्या. शेवटी भिंतीवर मोठा तक्ता लावला आणि कुठला भाग कुठल्या आवृत्तीचा ते ठरवूनच पुढे गेलो. ज्वलनाचा क्रम 1-3-4-2, पंखा कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने. हे जमून इंजिन पडद्यावर फिरलं तेव्हा शेडमधल्या वेल्डरनेही काम थांबवलं.

या कामाने पैसा बरा दिला, पण त्याहून उपयोगी पडला तो तक्ता. आता पंपाचं काम असो की जिनिंग मशीनचं, आधी आवृत्त्यांची यादी होते, मग भाव. शीटमागे दर आम्ही बंद केला. एका क्रँककेसच्या शीटला वॉशरच्या शंभर शीटपेक्षा जास्त वेळ लागतो.

सध्या टेबलावर ब्रिस्टल ज्युपिटरचा संच आहे. नऊ सिलिंडर गोलात, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह. भारतीय हवाई दलाची पहिली विमानं, वापिटी, याच इंजिनावर चालायची. संच अर्धवट आहे, क्रँककेसची मुख्य शीटच त्यात नाही, म्हणून गिऱ्हाइकाला अजून भाव कळवलेला नाही.