डायव्हर्जनवरचा काळा पट्टा

कोगनोळी टोल ओलांडून निपाणीच्या बाजूला लागलं की सहापदरीकरणाचं काम. एका उड्डाणपुलासाठी मेन रस्ता बंद करून वाहतूक डावीकडं सर्व्हिस रोडवर वळवली होती. कॅमेऱ्यानं पांढरे पट्टे वाचून आपली आपण लेन धरणारी गाडी घेऊन बेंगळुरूहून साहेब आले होते. पुढं येणाऱ्या गाड्यांना आपले रस्ते वाचता येतात का, त्याचा अहवाल द्यायचा होता. त्या टप्प्यातले पट्टे आमचे, म्हणून मलाही गाडीत घेतलं.

पट्टा मारणं म्हणजे रंग ओतणं असं लोकांना वाटतं. थर्मोप्लास्टिक दोनशे अंशांच्या आसपास वितळवून अडीच मिलिमीटरचा थर द्यायचा आणि तो गरम असतानाच वर काचेचे मणी टाकायचे. घाई केली तर मणी बुडतात, उशीर झाला तर धरत नाहीत, उसाच्या ट्रॉल्या घासून नेतात. रात्री हेडलाइटचा उजेड परत फेकतात ते हेच मणी. तीस मीटर पुढं बघणाऱ्या ड्रायव्हरला पट्टा किती उजळ दिसेल ते मोजायचं मशीन असतं. आमचे आकडे झकास आले. साहेब खूश.

मग डायव्हर्जन आलं. वळवाची सर नुकतीच पडून गेलेली, ऊन तिरपं. मेन रस्त्यावरचे जुने पट्टे खरवडून काढायला हवे होते. ते काम ज्या एजन्सीकडं होतं तिनं त्यावर काळा रंग फासला होता. कोरड्या दुपारी ते खपून जातं. ओल्या रस्त्यावर तिरपं ऊन पडलं की तोच काळा पट्टा चकाकतो, नव्या पांढऱ्यापेक्षा जास्त. गाडीनं तो धरला. स्क्रीनवर दोन्ही रेघा हिरव्या, म्हणजे लेन सापडली, आणि समोर बॅरिकेड. ड्रायव्हरमामांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं.

"हिला दिसंना झालंय काय ओ साहेब?"

दिसत होतं, तीच तर भानगड.

विनाचालक गाड्या देशात येऊ देणार नाही, असं गडकरींनी २०१७ मध्येच सांगितलंय, त्यामुळं मामांच्या पोटाला धक्का नाही. पण लेन धरणाऱ्या गाड्या शोरूममधून रोज बाहेर पडतायत. अमेरिकेच्या वाहतूक खुणांच्या नियमावलीत डिसेंबर २०२३ पासून स्वयंचलित गाड्यांसाठी वेगळा भागच आहे, हे साहेबांनीच चहा पिताना सांगितलं. आमच्याकडं पट्टा मारायचे पैसे मीटरवर मिळतात. काढायचे मागितले की सगळे आभाळाकडं बघतात.

याच तोंडाला रात्री गाड्या बॅरिकेडवर गेल्यात. दरवेळी कागदावर एकच, चालकाचा ताबा सुटला. ही गाडी प्यायली नव्हती, पेंगत नव्हती, मोबाइलवर बोलत नव्हती. मग त्या चालकांचं काय चुकलं होतं, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सेन्सरची मर्यादा असं लिहू या.

मी ओल्या पट्ट्याचे फोटो दिले. पुढच्या आठवड्यात त्या एजन्सीची माणसं आली आणि त्याच पट्ट्यावर काळ्याचा आणखी एक हात मारून गेली.