टी-५५ जोडायला सोपा, सोडवून आणायला अवघड

प्लास्टिकच्या रणगाड्याची प्रतिकृती कशी जोडावी, असे कोणी विचारले की गोंद, चिमटा आणि रंग यांच्याकडे वळण्यापूर्वी मी हल्ली पार्सलविषयी बोलू लागतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. तरीही बोलतो, कारण माझ्या टी-५५ रणगाड्याचा सांगाडा, चाके आणि टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज) यांनी मिळून मला जेवढे दमवले नाही, तेवढे एका कुरिअर कंपनीने विचारलेल्या एका प्रश्नाने दमवले. सोलापुरात चादर, टॉवेल, शेंगाचटणी यांची दुकाने पावलोपावली सापडतील; स्केल मॉडेलचे साहित्य मात्र बाहेरूनच मागवावे लागते, आणि म्हणून पार्सल हा या छंदाचा पहिला सुटा भागच समजावा.

मी १:३५ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या आकारात, काम करतो. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे किट काढले, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा सांगाडा हवा होता; त्या गरजेतून जे प्रमाण निघाले, तेच पुढे जगभर रूढ झाले. या प्रमाणात ३६ टनांचा टी-५५ तोफ सोडून साधारण १८ सेंटीमीटर भरतो, म्हणजे टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतो आणि तरीही त्यावरचे हुक, दिवे, पेट्या डोळ्यांना स्वतंत्र दिसतात. हाच रणगाडा निवडण्याचे कारण १९७१ चे युद्ध. जम्मूतील छांबच्या आघाडीवर आपले टी-५५ लढले होते, आणि लहानपणापासून ऐकलेल्या त्या लढाईतले एक वाहन आपल्या हातांनी उभे करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

मला हवे असलेले किट देशातल्या विक्रेत्यांकडे त्या वेळी शिल्लक नव्हते. खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. जकातीच्या वर्गीकरणात ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि स्केल मॉडेल अशी सगळी मंडळी एकाच पंगतीला बसवलेली असल्यामुळे ही वाढ आमच्याही ताटात पडली. विक्रेते मोजकाच माल का आणतात, हे त्यावरून समजते. म्हणून मी परदेशातील एका दुकानातून किट, धातूची तोफनळी आणि कोरीव पितळी जाळ्यांचा एक संच असे एकत्र मागवले. पैसे भरले, पार्सल निघाले, मुंबईला पोहोचले. इथवर तक्रारीला जागा नाही.

मुंबईत ते थांबले. ट्रॅकिंगवर ‘अधिक माहिती आवश्यक’ एवढेच दिसू लागले आणि माहिती कोणती, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ग्राहक सेवेला फोन लावल्यावर कळले की केवायसी हवी. आधार कार्ड चढवले, तर त्यावरचा पत्ता जोडभावी पेठेतला आणि पार्सलवरचा पत्ता होटगी रस्त्यावरच्या कार्यालयाचा, म्हणून ते परत आले. दिवसा घर बंद असते, त्यामुळे कार्यालयाचा पत्ता दिला, ही साधी गोष्ट फॉर्मच्या कोणत्याही रकान्यात बसेना. शेवटी कार्यालयाच्या पत्त्याचे पत्र जोडले आणि ते मान्य झाले. जो कोणी हे वाचून पार्सल मागवणार असेल, त्याने ओळखपत्रावरचाच पत्ता द्यावा आणि घरी कोणी नसेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवावे.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. एका दुपारी फोन आला आणि पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, खेळणं कोणासाठी मागवलंय? बाळाचं वय काय?” माझ्या घरात बाळ नाही. मी स्वतः निवृत्तीकडे झुकलेला गृहस्थ आहे, हे मी तितक्याच नम्रपणे सांगितले. त्यावर ती म्हणाली की खेळण्याच्या आयातीला बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, प्रमाणपत्र लागते. ते जोडावे, म्हणजे पार्सल पुढे जाईल. हे प्रमाणपत्र माल बनवणाऱ्या कारखान्याला मिळते, एक खोका विकत घेणाऱ्या माणसाला नव्हे, हे मी सांगून पाहिले. “तसं असेल तर ईमेल करा, सर,” असे उत्तर मिळाले. मी ईमेल केला. उत्तरात तोच मजकूर आला: कृपया बीआयएसचे प्रमाणपत्र जोडावे. पुन्हा सविस्तर लिहिले, आणि पुन्हा अक्षरशः तेच उत्तर, त्याच स्वल्पविरामांसह. पलीकडे कोणी वाचत आहे की नाही, याचीच मला शंका येऊ लागली.

मग चिडून मी मूळ आदेशच काढून वाचला, आणि हे मी सुरुवातीलाच करायला लावीन, कारण त्यानंतर माझ्या बोलण्याला आधार आला. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० चा असून तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यातील खेळण्याची व्याख्या अशी आहे की १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे या हेतूने तयार केलेली, किंवा स्पष्टपणे त्यासाठी असलेली वस्तू म्हणजे खेळणे. माझ्या किटच्या खोक्याच्या कडेवर ‘१४ वर्षे व त्यापुढील’ असे छापलेले होते. आतील भाग सुटे, टोकदार आणि रंगवायचे. सोबत धारदार पितळ. जोडून झाल्यावर ते हातात घेऊन खेळायला गेले तर पहिल्या मिनिटात अँटेना तुटणार. म्हणजे जकातीच्या तक्त्यात ही वस्तू खेळण्यांच्या शेजारी बसते हे खरे, आणि त्या शीर्षकाप्रमाणे शुल्क आकारायचे असेल तर माझी हरकत नव्हती. पण शुल्काचे शीर्षक एक आणि गुणवत्तेच्या आदेशातील व्याख्या दुसरी. शीर्षक जुळले म्हणून व्याख्याही जुळली, असे धरून कोणीतरी माझा खोका बाजूला ठेवला होता.

हा मुद्दा मी एका पानाच्या पत्रात मांडला. व्याख्या उद्धृत केली, खोक्याच्या कडेचा फोटो निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन जोडला, याआधी जोडलेल्या दोन रणगाड्यांचे फोटो लावले आणि एकच नग वैयक्तिक वापरासाठी मागवला असून तो विकायचा नाही, असे स्वाक्षरीनिशी लिहून दिले. पत्र लहान ठेवावे, ही माझी ठाम सूचना आहे. माझा आधीचा सविस्तर ईमेल कोणी वाचला नव्हता, हे पत्र वाचले गेले.

वाचले गेले, याचा पुरावा म्हणजे नवा प्रश्न आला. बिलावर धातूच्या नळीसमोर ‘शंभर मिलीमीटर गन बॅरल’ असे लिहिले होते, आणि ही वस्तू कशासाठी आहे, याचा खुलासा मागितला गेला. खऱ्या टी-५५ वर १०० मिलीमीटरची डी-१० जातीची तोफ असते. माझी नळी ॲल्युमिनियमची, माझ्या वितीपेक्षा तोकडी, आणि तिच्या तोंडात जाड दाभणसुद्धा जेमतेम शिरेल. मला हसू यायला हवे होते. आले नाही, कारण तोवर गोदामभाड्याचा आकडा वाढू लागला होता. दुकानदाराकडून सुधारित बिल मागवले, त्यावर ‘प्लास्टिक मॉडेलसाठी सुटा भाग, प्रमाण १:३५’ असे लिहून घेतले आणि नळीचा मोजपट्टीशेजारचा फोटो जोडला. कोणीही किंमत कमी लिहायला किंवा ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नये; त्यातून वेगळीच अडचण उभी राहते. वर्णन खरे असावे आणि पूर्ण असावे, आणि ‘प्रमाण १:३५’ हे प्रत्येक ओळीत असावे.

मधल्या काळात मी कंपनीच्या इथल्या शाखेतही जाऊन आलो. तिथला माणूस भला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, संगणकावर तेच ‘अधिक माहिती आवश्यक’ वाचून दाखवले आणि म्हणाला, “साहेब, आमच्या हातात काय नाही बघा, सगळं मुंबईवरनंच चालतंय.” त्याने एक गोष्ट मात्र उपयोगाची सांगितली. प्रत्येक उत्तर नव्या ईमेलने न पाठवता त्याच तक्रार क्रमांकाखाली पाठवावे, नाहीतर दर वेळी नवा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो. त्यानंतरचे उत्तर पहिल्यांदाच एखाद्या माणसाने लिहिल्यासारखे होते. शुल्क, एकात्मिक कर (आयजीएसटी) आणि गोदामभाडे भरून पार्सल सुटेल, असे त्यात लिहिले होते. मी आकडेवारीची फोड मागितली, ती मिळाली, आणि पैसे भरले. शुल्क सरकारचे आहे, ते समजते. ज्या दिरंगाईत माझा काहीही वाटा नव्हता, तिचे भाडे मी भरले, हे अजून गळी उतरलेले नाही.

खोका उघडून पुन्हा चिकटवलेला होता आणि पितळी जाळीची एक चौकट वाकली होती. पितळ वाकले तर घाबरू नये. गॅसच्या मंद ज्योतीवर ते हलकेच तांबूस होईपर्यंत धरून थंड होऊ दिले की मऊ पडते, आणि मग काचेवर ठेवून सपाट दाबता येते. नाजूक चिमटे आणि बारीक करवतीची पाती मी सराफांची हत्यारे विकणाऱ्या दुकानातून घेतो; ‘छंदाचे साहित्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिमट्यांपेक्षा ते स्वस्त आणि टिकाऊ असतात.

जोडणीविषयी फार सांगण्यासारखे नाही. टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके असतात आणि पहिल्या व दुसऱ्या चाकामधले अंतर इतरांपेक्षा जास्त असते. ते चुकले तर जाणकार लांबूनच ओळखतो. वर आधाराची छोटी चाके नसल्यामुळे ट्रॅकचा, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याचा, वरचा भाग सैल होऊन थेट मोठ्या चाकांवर टेकतो. किटमधला रबरी पट्टा ताठ राहतो, म्हणून तो चाकांच्या माथ्यावर गोंदाने दाबून बसवावा किंवा सुट्या कड्यांचा ट्रॅक घ्यावा. सुट्या कड्या एका बाजूला नव्वदीच्या घरात असतात, तेव्हा संयम असेल तरच घ्याव्यात. धातूच्या नळीसाठी एवढा खटाटोप का केला, याचेही उत्तर देतो. प्लास्टिकची नळी बहुधा दोन अर्ध्यांत येते आणि मधला सांधा घासता घासता ती लंबगोल होते. धातूची नळी गोलच राहते. ती हातात आल्यावर मात्र सारा संताप थोडा निवळला, हे प्रांजळपणे नोंदवतो.

टी-५५ चा टरेट ओतीव पोलादाचा असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पातळ पुट्टी जुन्या ब्रशने टोचून लावली आणि वाळल्यावर झीरो पेपर हलका फिरवला की तो खडबडीतपणा येतो. तसे ओतीव पोलाद प्रत्यक्ष पाहायचे असेल तर करमाळ्यामार्गे अहिल्यानगर गाठावे. तिथल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन, सेंच्युरियन, विजयंता उभे आहेत. छायाचित्रांवरून जे कळत नाही, ते पॅटनसमोर पाच मिनिटे उभे राहिल्यावर कळते.

रंगकाम सोलापुरात मार्च ते जून पहाटेच उरकावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडातच सुकतो, किंवा हवेत वाळून पृष्ठभागावर भुकटीसारखा पडतो. रिटार्डरचे (रंग सुकणे लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त थिनर, हा उपाय आहे. पहाट हा त्याहून चांगला उपाय आहे. आमच्या भागात यंत्रमाग असल्यामुळे हवेत सुताचे तंतू सतत तरंगतात आणि ओल्या रंगावर हमखास बसतात. खोलीत आधी पाणी शिंपडावे, पंखा बंद ठेवावा आणि रंगवलेला भाग लगेच डब्याखाली झाकावा. मागांचा एक फायदाही आहे: मोडक्या फणीतील पोलादी पट्ट्या मिळाल्या, तर रणगाड्याच्या पाठीमागच्या इंधन पिंपांचे पट्टे त्यांतून झकास होतात.

धुळीसाठी आपली काळी माती वापरण्याचा मोह आवरावा. छांबचा परिसर नदीकाठचा, तिथली धूळ फिकट तपकिरी. काळ्या मातीने माखलेला टी-५५ मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शिवारातून आल्यासारखा दिसेल. रंगीत खडू किसून केलेली भुकटी पुरते. खरी मातीच वापरायची असेल तर आधी तव्यावर भाजून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

डिकलविषयी, म्हणजे रणगाड्यावरच्या आकड्यांच्या आणि खुणांच्या चिकटचित्रांविषयी, सांगायचे राहिले. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग मॅट; खडबडीत रंगावर थेट लावले तर खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. आणि रंग, थिनर कधीही परदेशी पार्सलमध्ये टाकू नये. ज्वलनशील द्रव साध्या पार्सलमधून विमानाने पाठवायला बंदी असल्यामुळे एका बाटलीपायी सारा खोका अडकू शकतो. रंग देशातच घ्यावेत, रस्त्याने येणाऱ्या पार्सलने, आणि तेही ओळखपत्रावरच्या पत्त्यावर.