तुम्ही विचारलेत म्हणून: बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ सलामीवीर

बेसबॉलचा विषय निघाला की क्रिकेट पाहत वाढलेले माझे मित्र हमखास एकच प्रश्न विचारतात: तिथल्या सलामीच्या, म्हणजे ‘लीडऑफ’, फलंदाजांची क्रमवारी लावायची झाली तर पहिल्या पाचांत कोण येतील? तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून ते लिहूनच काढतो आहे.

आधी निकष सांगतो. क्रिकेटमधला सलामीवीर नव्या चेंडूची धार बोथट करतो. बेसबॉलमध्ये चेंडू सामन्यात सतत बदलत असल्याने हे काम उरतच नाही. तिथे तीन जण बाद झाले की डाव आटोपतो, त्यामुळे पहिल्या फलंदाजाने बाद न होता पहिला बेस (धाव पूर्ण करण्यासाठी गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिला) गाठावा एवढीच मुख्य अपेक्षा असते, मग तो फटका मारून गाठो किंवा चार वाईट चेंडू सोडून देऊन ‘वॉक’ मिळवून गाठो. म्हणून मी फलंदाजीच्या सरासरीपेक्षा ऑन-बेस प्रमाणाला, म्हणजे खेळाडू किती वेळा बेसवर पोचला याला, अधिक महत्त्व देतो. बेस चोरण्याचे, म्हणजे फटका लागलेला नसतानाच पुढच्या बेसवर धावत पोचण्याचे, कौशल्य त्यानंतरचे; आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या निकषावर पहिले नाव रिकी हेंडरसनचे, आणि त्याबद्दल कोणी वाद घालत असल्याचे मी ऐकलेले नाही. १,४०६ चोरलेले बेस आणि २,२९५ धावा हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत. त्याचे १९८२ हे वर्ष १३० बेस चोरल्याबद्दल सर्वांच्या लक्षात असते, पण मला त्या वर्षाचे दुसरेच आकडे मोलाचे वाटतात. त्याची सरासरी होती केवळ ०.२६७, आणि तरीही ११६ वॉकच्या जोरावर त्याचे ऑन-बेस प्रमाण ०.३९८ पर्यंत गेले. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहताना मी वहीत पेन्सिलने धावफलक भरतो, आणि त्याच्या रांगेतल्या चौकटींत वॉकची खूण इतक्या वेळा करावी लागते की हा एवढा आक्रमक खेळाडू मुळात किती संयमी होता हे आपोआप कळते. त्याचे उभे राहणेही पाहण्यासारखे असे: गुडघे वाकलेले, पाठ पुढे झुकलेली, जणू कोणी दारातून डोकावतो आहे. स्ट्राइकची चौकट, म्हणजे योग्य ठरण्यासाठी चेंडू जिथून जावा लागतो ती जागा, फलंदाजाच्या पवित्र्यावरून ठरत असल्याने त्या वाकण्याने गोलंदाजाचे लक्ष्य आणखी लहान होई. त्यातच चेंडू थेट मैदानाबाहेर धाडण्याची ताकद त्याच्यात होती. सामन्यातील आपल्या संघाची फलंदाजी होमरनने सुरू करण्याची किमया त्याने ८१ वेळा केली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी टाय कॉबचा २,२४५ धावांचा विक्रम त्याने मोडला तोही होमरन मारूनच, आणि अडवणारे कोणी नसतानाही तो होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्यावर, घसरत आला.

खरा वाद दुसऱ्या स्थानाचा आहे, आणि तिथे मी टिम रेन्सच्या बाजूने उभा राहतो. हेंडरसनच्याच काळात, तेही मॉन्ट्रियलसारख्या कमी चर्चेतल्या शहरात खेळल्यामुळे तो झाकोळला गेला, आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मतदानाने निवडलेल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला त्याला मतदानाच्या दहाव्या व शेवटच्या वर्षापर्यंत, २०१७ पर्यंत, थांबावे लागले. याउलट त्याचा समकालीन टोनी ग्विन पहिल्याच फेरीत निवडून आला. ग्विन महान फलंदाज होता यात शंका नाही, पण हिट (फटका मारून बेस गाठणे), वॉक आणि अंगावर चेंडू लागणे यांची बेरीज केली तर ग्विन ३,९५५ वेळा बेसवर पोचला आणि रेन्स ३,९७७ वेळा. शिवाय रेन्सने ८०८ बेस चोरले आणि तो केवळ १४६ वेळा पकडला गेला. पकडले न जाण्याच्या बाबतीत तो हेंडरसनपेक्षाही सरस होता. दहा वर्षे त्याला ताटकळत ठेवणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

तिसरा वेड बॉग्स. १८ हंगामांत त्याने जेमतेम २४ बेस चोरले, त्यामुळे त्याचे नाव ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात, परंतु त्याचे ०.४१५ हे ऑन-बेस प्रमाण हेंडरसनपेक्षाही अधिक आहे, आणि बेसवर उभा असलेला मंद धावपटू हा बाद होऊन परतलेल्या चपळ धावपटूपेक्षा केव्हाही बरा. चौथा पीट रोज: ४,२५६ हिट आणि ०.३७५ ऑन-बेस प्रमाण. सट्टेबाजीमुळे १९८९ मध्ये त्याच्यावर आलेली बंदी हा गंभीर विषय आहे, पण या क्रमाशी त्याचा संबंध नाही. पाचवा केनी लॉफ्टन, ज्याला हॉल ऑफ फेमच्या २०१३ च्या मतदानात पाच टक्के मतेही मिळाली नाहीत. ९३८ बेस चोरणाऱ्या लू ब्रॉकच्या वर मी त्याला ठेवतो, कारण ब्रॉकचे ऑन-बेस प्रमाण ०.३४३ होते आणि लॉफ्टनचे ०.३७२. एकोणिसाव्या शतकातील बिली हॅमिल्टनला मी या यादीत धरलेले नाही, कारण तेव्हा बेस चोरल्याची व्याख्याच वेगळी होती.

या यादीत इचिरो सुझुकी नाही, हे लिहिताना माझा हात अडखळतो. बॅट उभी धरून गोलंदाजाकडे रोखायची, डाव्या हाताने उजव्या खांद्यावरची बाही हलकेच ओढायची आणि मग स्तब्ध व्हायचे, हे दृश्य मी कितीही वेळा पाहू शकतो. २००४ मध्ये त्याने २६२ हिट मारून १९२० पासूनचा जॉर्ज सिस्लरचा २५७ हिटचा विक्रम मोडला. मात्र त्याला चेंडू सोडण्यापेक्षा मारण्यातच रस होता. अमेरिकेतील संपूर्ण कारकिर्दीत त्याने ६४७ वॉक घेतले, म्हणजे हेंडरसनच्या एकतृतीयांशाहूनही कमी. तो तिथे पोचला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि जपानमधले नऊ हंगाम मागे ठेवून आला होता, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. तरी कारकिर्दीचे ०.३५५ हे प्रमाण बदलत नाही, आणि तो माझ्या वहीत सहावाच राहतो.